सात हे अक्षर आणि सात ही संख्या
(सी भाषेतील एक लहानसा पाठ)

— द्वितीय वर्ष, कला

संगणक हिशेबाला पक्का असतो, असे आपण नेहमी ऐकतो. ते खरेही आहे. परंतु हिशेबासाठी आपण त्याच्यापुढे जो आकडा ठेवतो तो त्याला आकडा म्हणून कळतो काय? कळफलकावरील सातची कळ दाबली की पडद्यावर सात उमटतो आणि आपण समजतो, यंत्राला सात कळला. वस्तुतः त्या क्षणी यंत्राजवळ असते ते केवळ एक अक्षर. जसा 'क', जसा स्वल्पविराम, तसाच हा सात. या चिन्हाचे मूल्य सात आहे हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. सी या संगणकभाषेत ते कसे सांगतात, आणि नीट न सांगितल्यास काय घडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

हा विषय विज्ञान शाखेचा, तो आपल्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या महाविद्यालयात कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी जो अल्पमुदतीचा संगणकवर्ग चालतो, त्यात मी यंदा नाव घातले. तेथे पहिल्याच आठवड्यात ध्यानात आले, की भाषाविज्ञानाच्या तासाला आपण ज्याची चर्चा करतो तोच प्रश्न येथे निराळ्या वेषात उभा आहे. चिन्ह वेगळे आणि त्याचा अर्थ वेगळा. त्यांना जोडणारा संकेत माणसांनी ठरविलेला असतो.

माझ्या आजीला अंकांची चिन्हे वाचता येत नाहीत. तथापि अंड्यांचा हिशेब करताना ती "तीन विसा पाच" म्हणते तेव्हा पासष्टात एकही कमी-जास्त होत नाही. तिच्याजवळ मूल्य आहे, चिन्ह नाही. संगणकाचे नेमके उलटे. त्याच्याजवळ चिन्ह आहे, मूल्य नाही. आपण जे शिकणार आहोत ते हे अंतर तोडण्याचे काम होय.

१. यंत्रातील अक्षरांचे क्रमांक

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, असतात फक्त संख्या. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. आपल्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो, तसेच हे. इंग्रजी अक्षरांचे असे क्रमांक ठरविणारा 'आस्की' नावाचा संकेत अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यात १२८ जागा आहेत. मोठ्या ए या अक्षराचा क्रमांक ६५, लहान ए चा ९७, मोकळ्या जागेचा ३२. अंकचिन्हांपैकी शून्याचा क्रमांक ४८, एकाचा ४९, आणि असेच पुढे जात नवाचा ५७.

येथे एक खूण ठरवून घेऊ. या लेखात सर्वच आकडे देवनागरीत छापले आहेत. तेव्हा एकेरी अवतरणात '७' असे छापले असेल तर ते चिन्ह समजावे, आणि नुसता ७ असेल तर ती संख्या समजावी. ही खूण मी बनविलेली नाही. सी भाषेतही चिन्ह एकेरी अवतरणातच लिहितात. पाचवा भाग येईपर्यंत अवतरणातील अंक म्हणजे इंग्रजी अंकचिन्ह, असेही धरून चालावे.

आता पाहा. '७' चा क्रमांक ५५ आहे. म्हणजे सातची कळ दाबल्यावर स्मृतीत ७ जात नाही, ५५ जातो. '२' आणि '३' या दोन चिन्हांची बेरीज यंत्राला सांगितली तर ते ५० आणि ५१ मिळवून १०१ हे उत्तर देईल. तो १०१ पुन्हा अक्षर म्हणून छापावयास सांगितला तर इंग्रजीतील लहान ई हे अक्षर उमटेल, कारण १०१ हा त्याचा क्रमांक आहे. दोन अधिक तीन बरोबर ई! यंत्राने आज्ञा अक्षरशः पाळली, आणि म्हणूनच उत्तर निरर्थक आले.

आणखी एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सी भाषेत शब्द किंवा वाक्य कोठे संपले हे दाखविण्यासाठी त्याच्या शेवटी ० क्रमांकाचे एक अदृश्य अक्षर ठेवतात. म्हणजे शून्याचे चिन्ह ते ४८. आणि खरा शून्य तो "येथे मजकूर संपला" अशी खूण. एकाच नावाची दोन माणसे एका वर्गात असावीत, तसा हा प्रकार आहे. शून्याची ही जोडी पुढे पुन्हा भेटणार आहे.

२. एका वजाबाकीचे काम

अंकचिन्हांचे क्रमांक ओळीने आहेत, मध्ये खंड नाही, ही फार मोलाची गोष्ट होय. त्यामुळे कोणत्याही अंकचिन्हाच्या क्रमांकातून शून्यचिन्हाचा क्रमांक वजा केला की मूल्य हाती येते. '७' वजा '०' म्हणजे ५५ वजा ४८, उत्तर ७. '०' वजा '०' म्हणजे ४८ वजा ४८, उत्तर ०. उलट जावयाचे असेल, म्हणजे मूल्यापासून चिन्ह हवे असेल, तर '०' मिळवावा.

अक्षरातून अक्षर वजा करणे ही कल्पना आपल्याला चमत्कारिक वाटते. पास्कल नावाच्या भाषेत ती चालतही नाही. तेथे अक्षराचा क्रमांक 'ऑर्ड' या साधनाने आधी मागून घ्यावा लागतो. सी भाषेत मात्र अक्षर हा लहान आकाराचा पूर्णांकच मानला जातो, म्हणून ही वजाबाकी सरळ करता येते. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. १९७८ साली ब्रायन कर्निगन आणि रिची यांचे या भाषेवरील पुस्तक आले. त्यातही अंकचिन्हांपासून संख्या बनविण्याचे एक छोटे उदाहरण आहे, आणि त्याचा गाभा हीच वजाबाकी आहे.

मग सरळ ४८ च वजा का करू नये? उत्तर तेच येईल. परंतु त्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी, की वाचणाऱ्याला ४८ कोठून आला हे कळत नाही. '०' लिहिला तर हेतू डोळ्यांना दिसतो. दुसरी अशी, की सर्व यंत्रांत आस्की असतेच असे नाही. आयबीएम कंपनीने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० या संगणकांबरोबर 'एब्सिडिक' नावाचा निराळा संकेत आला. त्यात अंकचिन्हांचे क्रमांक २४० ते २४९ आहेत. तेथे ४८ वजा केल्यास सगळेच बिघडेल. '०' वजा केल्यास तेथेही ७ चा ७ च येईल.

सी भाषेच्या प्रमाणग्रंथाने तसे वचनच दिले आहे, की यंत्र कोणतेही असो, शून्य ते नऊ ही चिन्हे ओळीने येतील. इंग्रजी वर्णमालेविषयी असे वचन नाही. एब्सिडिकमध्ये आय आणि जे यांच्यामध्ये खंड आहे, तसाच आर आणि एस यांच्यामध्येही आहे. म्हणून ही वजाबाकी अंकांना निर्धास्तपणे लावावी, अक्षरांना लावताना मात्र जपून राहावे.

वजाबाकीपूर्वी एक पहारा बसविणे अवश्य आहे. हातातील चिन्ह '०' पेक्षा लहान नाही आणि '९' पेक्षा मोठे नाही, हे आधी पाहावे. तसे न पाहता मोठ्या ए मधून '०' वजा केला तर ६५ वजा ४८ म्हणजे १७ येतील. यंत्र तक्रार करणार नाही, आणि सतरा ही किंमत असलेला "अंक" आपल्या हिशेबात शिरेल.

३. अंकांपासून संख्या, आणि कटपयादी

आतापर्यंत एक अंक झाला. पण '४', '०', '७' ही तीन चिन्हे ओळीने आली तर त्यांतून चारशे सात कसे बनवावयाचे? प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दहापट, हे तत्त्व आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात सांगितले आहे. आपण तेच वापरतो. रीत अशी:

एक कोरी जागा घ्यावी, तिला 'एकूण' म्हणावे, व तीत ० ठेवावा.
डावीकडून एक चिन्ह घ्यावे. ते अंकचिन्ह नसेल तर थांबावे.
'एकूण' ला १० ने गुणावे, व त्यात चिन्हाचे मूल्य मिळवावे.
पुढचे चिन्ह घेऊन हेच पुन्हा करावे.

चारशे सातचे उदाहरण करून पाहू. पहिले चिन्ह '४': ० गुणिले १०, अधिक ४, बरोबर ४. दुसरे '०': ४ गुणिले १०, अधिक ०, बरोबर ४०. तिसरे '७': ४० गुणिले १०, अधिक ७, बरोबर ४०७. मधल्या शून्याने काही भर घातली नाही असे वाटते, पण चाराला दशकावरून शतकावर जाण्याची वाट त्यानेच मोकळी केली. शिवाय चिन्हे एकंदर किती आहेत हे आधी मोजावे लागले नाही.

अक्षरांना अंकमूल्य देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. संस्कृतच्या अभ्यासकांना कटपयादी पद्धत ठाऊक असेलच. तीत क पासून ञ पर्यंतच्या दहा व्यंजनांना अनुक्रमे १ ते ९ आणि शेवटी ० अशी मूल्ये देतात. ट पासून न पर्यंत तसेच. प ते म यांना १ ते ५, आणि य ते ह यांना १ ते ८. क, ट, प, य या चौघांचे मूल्य एक, म्हणून नाव कटपयादी. स्वरांच्या मात्रांना किंमत नाही; जोडाक्षरात शेवटचे व्यंजन तेवढे धरावयाचे. केरळातील ज्योतिषग्रंथांत या पद्धतीचा वापर विपुल आहे. कर्नाटक संगीतातील ७२ मेळरागांची नावेही अशी बांधली आहेत, की पहिल्या दोन अक्षरांवरून रागाचा क्रमांक निघतो. 'धीरशंकराभरण' घ्या. ध म्हणजे ९, र म्हणजे २. कटपयादीत अंक उजवीकडून डावीकडे मांडतात, म्हणून क्रमांक २९. शंकराभरण या मूळ नावामागे 'धीर' जोडले गेले ते याच हिशेबासाठी.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की दोन भेद दिसतात. कटपयादीत एकाच मूल्याची अनेक अक्षरे आहेत, त्यामुळे कवीला अर्थपूर्ण शब्द जुळविता येतो. आस्कीत एका मूल्याला एकच चिन्ह, त्यामुळे कोष्टक पाहावे लागत नाही, वजाबाकी पुरते. दुसरा भेद क्रमाचा. कटपयादीत एकक आधी भेटतो, म्हणून पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला १० ने, तिसऱ्याला १०० ने गुणीत जावे लागते. आपल्या रीतीत मोठे स्थान आधी भेटते, म्हणून जमलेल्या संख्येलाच दरवेळी दहाने गुणतो. पोहोचतात दोन्ही एकाच ठिकाणी.

४. तयार साधने आणि त्यांचे स्वभाव

ही रीत दरवेळी नव्याने लिहावी लागू नये म्हणून सी भाषेच्या भांडारात तयार साधने ठेवलेली आहेत. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे ए, टी, ओ, आय या चार अक्षरांचे 'एटॉय'. त्याला मजकूर द्यावा, ते पूर्णांक परत देते. त्याचा स्वभाव असा: आरंभीच्या मोकळ्या जागा सोडून द्यावयाच्या, एक अधिक किंवा उणे चिन्ह असल्यास घ्यावयाचे, मग अंकचिन्हे असतील तोवर पुढे जावयाचे, आणि पहिले परके चिन्ह दिसताच मुकाट्याने थांबावयाचे. त्यातून पुढील गोष्टी घडतात:

मजकूर '१२५०' असेल तर उत्तर १२५०.
मजकूर '१२ रुपये' असेल तर उत्तर १२.
मजकूर 'रुपये १२' असेल तर उत्तर ०.
मजकूर '१,२५,०००' असेल तर उत्तर १.
मजकूर '०' असेल तर उत्तर ०.
मजकूर 'दिले नाहीत' असेल तर उत्तर ०.

चौथ्या ओळीकडे लक्ष द्यावे. सव्वा लाख लिहिले, आणि पहिल्या स्वल्पविरामाशी थांबल्यामुळे यंत्राने एक रुपया धरला. आपल्याकडे लाख-कोटींची मांडणी स्वल्पविरामांनीच होते, म्हणून हा धोका आपल्याला रोजचा आहे. उपाय सोपा: आधी स्वल्पविराम गाळून टाकावे, मग संख्या करावी.

शेवटच्या दोन ओळी अधिक विचार करावयास लावतात. खरोखर शून्य लिहिले होते तेव्हाही ०, आणि काहीच कळले नाही तेव्हाही ०. घेणाऱ्याला या दोन शून्यांत भेद करता येत नाही. शिक्षकांनी उत्तरपत्रिका तपासून शून्य गुण देणे आणि उत्तरपत्रिका हरवली म्हणून शून्य गुण लावणे, यांत जेवढे अंतर आहे तेवढेच अंतर येथे आहे. आणि एटॉय ते पुसून टाकते.

यासाठी दुसरे साधन आहे, 'स्ट्रटॉल'. हे उत्तराबरोबर आपण कोठे थांबलो ती जागाही सांगते. थांबण्याची जागा आरंभाचीच असेल तर काहीच कळले नाही. ती मजकुराच्या शेवटाची असेल तर सगळे कळले. मध्येच असेल तर काही उरले आहे, ते माणसाने पाहावे. संख्या आवाक्याबाहेर गेली तर तेही ते कळविते. त्याला कोणत्या पायाची मोजणी हवी हे सांगावे लागते. आपण १० सांगावे. तेथे ० सांगितला तर आरंभी शून्य असलेली संख्या ते आठाच्या पायात वाचते, आणि '०१२' चे बारा न होता दहा होतात.

आवाक्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. सध्याच्या बहुतेक संगणकांवर सी भाषेतील साधा पूर्णांक ३२ बिटांचा असतो, आणि त्यात २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नाही. त्यापलीकडे गेल्यास काय होईल याची हमी सी भाषा देत नाही. आपली रीत स्वतः लिहिणाऱ्याने दहाने गुणण्यापूर्वीच जागा आहे की नाही हे पाहावे. भांडे भरून वाहिल्यावर पाहून उपयोग नाही.

५. देवनागरी अंकांचे काय?

येथवरचा सारा विचार इंग्रजी अंकचिन्हांचा झाला. आपण मराठी माणसे वहीत, पत्रिकेत, दुकानाच्या पाटीवर १, २, ३ लिहितो, त्यांचे काय?

आस्कीच्या १२८ जागांत देवनागरीला स्थान नव्हते. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा संकेत १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. त्याच वर्षी जगातील लिप्यांना एकत्र क्रमांक देणाऱ्या 'युनिकोड' चा पहिला खंडही प्रसिद्ध झाला. त्यातील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५. येथेही अंक ओळीने आहेत. म्हणजे तीच वजाबाकी चालते: देवनागरी साताचा क्रमांक २४१३, त्यातून २४०६ गेले, राहिले ७.

अडचण साठवणीची आहे. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. २४१३ मावत नाही. म्हणून मोठा क्रमांक अनेक बाइटांत वाटून ठेवतात. त्याची आज सर्वत्र रुळलेली रीत 'यूटीएफ-आठ' होय. ती १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी आखली. थॉम्पसन हे बेल प्रयोगशाळेतील रिचींचे सहकारी. या रीतीत इंग्रजी चिन्हे पूर्वीप्रमाणे एकेका बाइटात राहतात आणि देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. देवनागरी पाचाचे तीन बाइट २२४, १६५ आणि १७१ असे आहेत. देवनागरीत ४०७ लिहिले तर नऊ बाइट होतात, इंग्रजीत तीनच.

एटॉयला हे तीन बाइट म्हणजे तीन परकी चिन्हे. ते पहिल्याशीच थांबते आणि ० देते.

याचा अर्थ काय होतो, हे पाहण्यासाठी मी एक प्रयोग केला. आमच्या वस्तीत बायकांचा बचत गट आहे. आई त्यात आहे. आईला अक्षरे कशीबशी लागतात, पण आकडे पक्के आहेत; गटाची वही ती आकड्यांवरून वाचते. वहीतील एका महिन्याचे पान मी होते तसे, देवनागरी अंकांत, संगणकात उतरविले. बारा बायका, अकरा जणींपुढे २००, आणि एकीपुढे ०, कारण त्या महिन्यात तिच्या घरी आजारपण होते. ते पान एटॉय वापरणाऱ्या आज्ञावलीपुढे ठेवले. बेरीज आली ०. कोठे चुकीची सूचना नाही, कोठे प्रश्नचिन्ह नाही. ज्या अकरा जणींनी पैसे भरले त्या, आणि जी भरू शकली नाही ती, यंत्राच्या लेखी एका ओळीत बसल्या. घरी आईला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "मग भरलेले गेले कुठं?" या प्रश्नाचे उत्तर हाच खरे पाहता आपल्या पाठाचा उत्तरार्ध आहे.

उपाय कठीण नाही. एकेक बाइट न घेता तीन-तीनचा गट पाहावा. पहिला बाइट २२४, दुसरा १६५, आणि तिसरा १६६ ते १७५ यांच्या दरम्यान असेल, तर ते देवनागरी अंकचिन्ह आहे. तिसऱ्यातून १६६ वजा केले की मूल्य मिळते. देवनागरी पाचासाठी १७१ वजा १६६, उत्तर ५. पुढे 'एकूण' ला दहाने गुणून मिळवावयाची रीत जशीच्या तशी. एक दक्षता मात्र घ्यावी. अनेक यंत्रांवर सी भाषेतील अक्षर ऋण संख्याही धरू शकते, आणि मग २२४ हा बाइट उणे ३२ म्हणून वाचला जातो व आपली तपासणी फसते. म्हणून बाइट वाचताना तो 'अनसाइन्ड', म्हणजे चिन्हरहित, असा जाहीर करावा.

या रीतीने आज्ञावली पुन्हा लिहिली. आता बेरीज २,२०० आली, आणि शून्य एकाच ओळीत राहिला, जेथे तो खरोखर लिहिलेला होता. त्याशिवाय आणखी एक बदल केला. संख्या करून देणारा भाग दोन गोष्टी परत देतो: मूल्य, आणि मजकूर कळला की नाही याचे होय-नाही. नाही असेल तर बेरीज पुढे न नेता ती ओळ पडद्यावर दाखवावयाची आणि माणसाला विचारावयाचे.

देवनागरी अंक समजणे यंत्राच्या शक्तीबाहेरचे नाही. पायथन या भाषेत देवनागरीतील १२३ पूर्णांक करावयास दिले तर एकशे तेवीस मिळतात, कारण ती भाषा करणाऱ्यांनी युनिकोडमधील सर्व लिप्यांचे दशमान अंक ध्यानात घेतले. सी भाषा युनिकोडच्या किती तरी आधीची. तिचे 'अंक कोणता' हे ओळखणारे साधन दहा इंग्रजी चिन्हांनाच अंक म्हणते. तो तिचा दोष म्हणण्यापेक्षा तिच्या जन्मकाळाची खूण म्हणावी. परंतु आज आज्ञावली लिहिणाऱ्याने ती उणीव आपण होऊन भरून काढली पाहिजे.

६. कशाची संख्या करू नये

शेवटी एक मर्यादा सांगते. अंकांत लिहिलेले सारेच संख्या नसते. पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० आहे; त्याचा पूर्णांक केला तर २० उरतो आणि आरंभीचा शून्य नाहीसा होतो. दहा अंकी मोबाइल क्रमांक ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही. बँकेच्या खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्यही असेच गळून पडतील. कसोटी साधी आहे: ज्यांची बेरीज-वजाबाकी करावयाची त्यांचीच संख्या करावी. दोन खाते क्रमांकांची बेरीज कोणी करीत नाही; ती नावेच आहेत, फक्त अंकांत लिहिलेली. त्यांना अक्षरेच राहू द्यावे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वस्तीत कोणाचे कागद संगणकावर चढवावयाचे असले की ते माझ्याकडे येतात. आपल्यापैकी अनेकांकडे येत असतील. अशा वेळी पडद्यावर उमटलेला शून्य पाहून लगेच मान डोलावू नये. तो लिहिलेला शून्य आहे की न कळलेला, एवढे विचारून घ्यावे. कागदावरच्या माणसाच्या वतीने ते विचारणारे तेथे आपल्याखेरीज दुसरे कोणी नसते.

अभ्यासासाठी

१. '९', '०', '५' या चिन्हांचे आस्की क्रमांक लिहून त्यांतून नऊशे पाच कसे बनतात ते पायरीपायरीने मांडा.
२. 'मेचकल्याणी', 'खरहरप्रिया' आणि 'हनुमतोडी' या मेळरागांचे क्रमांक कटपयादीने काढा. (उत्तरे: ६५, २२, ८.) तिसऱ्यात शून्य कोठे येतो आणि त्याचे काय होते ते पाहा.
३. देवनागरी आठाचे तीन बाइट कोणते? (उत्तर: २२४, १६५, १७४.)
४. एकाच संख्येत काही अंक इंग्रजी आणि काही देवनागरी असतील, तर ती स्वीकारावी की माणसाला विचारावे? आपले मत कारणांसह लिहा. याचे उत्तर मी देत नाही. संगणकवर्गात यावरून दोन तट पडले होते.